उत्पत्तीचे दोन जबाब

३ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी फोन. पलीकडून कोवळा आवाज, "बाई आहेत का?" बायको जाऊन चौदा महिने झाले तरी असे फोन येतात. माझं ठरलेलं वाक्य मी म्हटलं. पलीकडे सिस्टर होत्या, चर्चमधल्या, नव्या. बायकोने आजारी पडण्याआधी बायबलच्या प्राथमिक वर्गात नाव दिलं होतं म्हणे. तेव्हा शिकवणाऱ्या फादरांची बदली झाली आणि वर्ग बारगळला. आता ह्या जुनी यादी काढून बसल्यात. बिचारी फार ओशाळली. मग म्हणते, "काका, त्यांच्या जागी तुम्ही या ना."

मी म्हटलं, "गायीच्या जागी बैल चालतो का तुम्हाला?"

"नोहाच्या जहाजात दोन्ही होते," म्हणाली.

संध्याकाळी गेलो.

चर्चमागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर खोली. लाकडी बाकं, एक फळा, एक पंखा (फिरतो कमी, बोलतो जास्त). सहा जण होतो. त्यातला बेकरीवाला ओळखीचा, शिंपीणबाई तोंडओळखीच्या. सिस्टर जेमतेम पस्तिशीच्या, पूर्वी शाळेत विज्ञान शिकवायच्या. पहिला प्रश्न, "बायबल कुणी वाचलंय?" सहाही हात वर. दुसरा प्रश्न, "घरी उघडून, पहिल्या पानापासून?" सहाही हात खाली. आम्ही जन्माचे कॅथलिक. बायबल आम्ही ऐकतो. रविवारी चर्चच्या उपासनेत, मिस्सात, जेवढा तुकडा कानावर पडेल तेवढा आपला. घरातलं बायबल कपाटात सुखरूप असतं.

मग विचारलं, आदाम-एवाने कुठलं फळ खाल्लं? सगळे एका सुरात, सफरचंद! "दाखवा कुठे लिहिलंय." शोधलं. नाही लिहिलेलं. नुसतं फळ. बेकरीवाला हटूनच बसला. "अहो, शाळेच्या नाटकात मी साप होतो! माझ्या हातात सफरचंद दिलं होतं!" दहा मिनिटं तो आपली साक्ष सोडायला तयार नव्हता. हसून हसून माझं पोट दुखलं. किती दिवसांनी हसलो, कुणास ठाऊक.

पुढच्या वेळी पहिले दोन अध्याय वाचून यायला सांगितलंय.

५ सप्टेंबर, गुरुवार

सापडलं!

एकतीस वर्षं विमा कंपनीत क्लेम तपासण्यात घालवली. जळलेली गोदामं, आपटलेल्या गाड्या, पळवलेले दागिने. लोक जबाब देतात, मी रकाने पाडतो. डावीकडे एकाचा जबाब, उजवीकडे दुसऱ्याचा. जिथे जुळत नाही तिथे लाल पेन्सिल. दोन जबाब जुळले नाहीत तर एक जण खोटं बोलतोय. सोपं आहे. आणि खोटं बोलणाऱ्याला काहीतरी हवं असतं. ते काय, एवढं शोधलं की फाइल बंद.

तर बायबलच्या पहिल्याच, उत्पत्तीच्या पुस्तकाला रकाने पाडले. पहिल्या अध्यायात आधी झाडं, मग मासे-पाखरं, मग जनावरं, सगळ्यात शेवटी माणूस, तोही बाई-पुरुष जोडीने. दुसऱ्या अध्यायात झाडझाडोऱ्याचा पत्ता नाही तोच मातीचा माणूस तयार! मग त्याच्यासाठी बाग, मग तो एकटा म्हणून जनावरं, आणि जनावरांनी भागेना तेव्हा बाई. क्रमच उलटा. पानावर इतकी लाल पेन्सिल पडली की गोवर आल्यासारखं दिसायला लागलं.

माझं मेलं काय हे डोकं! पण मजा आली, खोटं का बोलू.

दुपारी जावयाचा फोन. तो महिन्यातून एकदा करतो, चिंगीला न सांगता. (चिंगी म्हणजे माझी लेक. बत्तीस वर्षांची बाई आहे, पण माझ्यासाठी चिंगीच.) त्याला बाहेरच्या देशात नोकरी लागली. सहा ऑक्टोबरला दोघं निघणार, परत कधी ते ठरलेलं नाही. "बाबा, एकदा तुम्हीच फोन करून पाहा," म्हणाला.

मी का करू? चूक तिची आहे. इथे एकदा नीट लिहूनच ठेवतो.

दफनविधीनंतर घरी नातेवाईक बसले होते. मी मोजले होते, अकरा जण. अक्काने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, सहज विचारलं, शेवटच्या घटकेला जवळ कोण होतं? चिंगी ताडकन म्हणाली, "मी होते. आईनेच बाबांना खाली पाठवलं होतं. म्हणाली, जरा चहा घेऊन या, थकलात." साफ खोटं! तीन वाजून दहा मिनिटांनी हॉस्पिटलात बायकोला ऑक्सिजनचा मास्क लावला, चार्टवर नोंद आहे. चार पाचला ती गेली. मास्क लावलेलं माणूस चहापाण्याच्या गप्पा मारत नाही. आणि मी खोलीतच होतो. खिडकीजवळच्या खुर्चीत. तिचं रेक्झिन फाटलेलं होतं, आतला पिवळा स्पंज दिसत होता, इतकं स्पष्ट आठवतं. सगळ्यांसमोर मी वेळा सांगितल्या. मी विचारलं, "शपथेवर सांगशील?" क्लेमवाल्यांना विचारतो तसंच. ती उठली, पर्स घेतली आणि गेली. ती गेलीच.

तिला ह्या खोट्यातून काय मिळवायचं होतं, ते मात्र मला आजवर उमगलेलं नाही. एवढी एकच फाइल माझ्याकडून उघडी राहिली.

१० सप्टेंबर, मंगळवार

आज सिस्टरांना तक्ता दाखवला. वाटलं होतं, चेहरा पडेल. कसलं काय! टाळ्या वाजवल्या. फळ्यावर चिकटवलासुद्धा. म्हणाल्या, "काका, मला हे समजवायला दोन तास लागले असते."

म्हणजे त्यांना माहीत होतं! सगळ्यांना माहीत आहे म्हणे. चर्चच शिकवतं. दोन वेगळ्या काळांतल्या माणसांनी सांगितलेल्या दोन कथा. मागाहून कुणीतरी एकत्र बांधल्या.

"मग बांधणाऱ्याला विसंगती दिसली नाही?"

"तुमच्याइतकं वाचता त्यालाही येत असणार, काका. दिसली असेलच. तरी त्याने एकही खोडली नाही."

"का पण?"

"एकाला देव लांबून दिसला. मोठा. नुसता बोलला की उजेड होतो. दुसऱ्याला जवळून दिसला, जमिनीवर बसून माती मळणारा. तुम्ही कुठला खोडाल?"

बेकरीवाला लगेच, "मळणारा ठेवा." खोली हसली. मी नाही हसलो. हे पटण्यासारखं नाही. गोदाम एकदाच जळतं. एक तर शॉर्ट सर्किटने किंवा मालकाने काडी लावल्याने. दोन्ही खरं कसं? मी तसं म्हटलंही. सिस्टर म्हणाल्या, "गोदामासाठी तुमची पद्धत बरोबर आहे. पण ती माणसं आगीचा अहवाल लिहीत नव्हती. आपण कोण, कुणाचे, एवढंच सांगत होती."

घरी येईपर्यंत डोक्यात तेच. शेजाऱ्यांकडून दूध घ्यायचंही विसरलो.

१७ सप्टेंबर, मंगळवार

तिसरा अध्याय. फळ खाऊन झाल्यावर देव बागेत येतो आणि आदामला हाक मारून विचारतो, कुठे आहेस तू?

मी म्हटलं, तपास करणाऱ्याने असा प्रश्न विचारायचा नसतो. ज्याला सगळं ठाऊक आहे त्याने तर नाहीच. सरळ विचारायचं, फळ कोणी खाल्लं, किती वाजता, साक्षीदार कोण.

सिस्टर म्हणाल्या, "हरवलेलं पोर शोधताना आई काय विचारते?"

तरी मी हार मानली नाही. म्हटलं, आदामचं उत्तर बघा. विचारलं काय आणि सांगतोय काय. घाबरलो, म्हणून लपलो, आणि मग लगेच बायकोकडे बोट. नमुनेदार खोटारडा जबाब आहे. असे मी शेकड्याने पाहिलेत. ज्याला लपवायचंय तो दुसऱ्याचं खोटं आधी काढतो. माझं हे वाक्य सिस्टरांनी वहीत लिहून घेतलं. बरं वाटलं.

शिंपीणबाई एरवी बोलत नाहीत. आज अचानक म्हणाल्या, "इथे बघा, हाकलून देण्याआधी देवाने त्यांना कपडे शिवून घातले. कातड्याचे." पुन्हा पुन्हा ती ओळ वाचत होत्या. "कातडं शिवायला फार जोर लागतो हो. बोटं सोलपटतात. रागात असलेला माणूस हे करत नाही." सिस्टर म्हणाल्या, हे मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नव्हतं.

चिंगीचे पहिले सगळे फ्रॉक बायकोने घरी शिवले होते. का आठवलं कोण जाणे.

जावयाला फोन केला, सामान आवरलं का विचारायला. मागे चिंगीचा आवाज आला, "कोण आहे?" तो म्हणाला, "ऑफिसातले." मी ठेवून दिला.

२४ सप्टेंबर, मंगळवार

लिफ्ट बंद. दोन मजले चढताना धाप लागली, प्रत्येक वळणावर थांबलो. वय झालं. हॉस्पिटलात त्या दिवशी नर्स जिन्यात हाका मारत खाली आली, "काका, वर चला, लवकर," तेव्हा तळमजल्यापासून चार मजले एका दमात चढलो होतो. आता चाळीस पायऱ्यांत जीव जातो. बेकरीवाला मागून म्हणतो, "साहेब, धक्का देऊ का?" मेला माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे.

आज जलप्रलय. एके ठिकाणी नोहाच्या जहाजात प्रत्येक जनावराची एक जोडी, पुढच्या पानावर शुद्ध जनावरांच्या सात-सात. एके ठिकाणी चाळीस दिवस, दुसरीकडे दीडशे. मी पेन्सिल काढली आणि परत खिशात ठेवली. सवय मोडायला लागली की काय! इथेही दोन कथा आहेत, पण वेणीसारख्या एकात एक गुंफलेल्या. कुठला पेड कुठला ते ओळखण्यात तास कसा गेला कळलं नाही. लाल पेन्सिलीने एक आणि निळीने दुसरा असं रंगवलं. फार सुंदर दिसतं. चूक दाखवण्यासाठी नव्हे, नुसतं पाहण्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा रंगवलं असेन.

मग सिस्टरांनी घरचा अभ्यास दिला. "तुमच्या घरातली एक गोष्ट घ्या, जी दोन माणसं वेगवेगळी सांगतात. दोन रकान्यांत दोन्ही लिहा. दुरुस्त करायची नाही."

बेकरीवाला म्हणाला, "आमच्या लग्नाचीच लिहितो. तिच्या मते तिने मला पसंत केलं."

मला विषय शोधायला लागणार नाही. अर्थात दुरुस्त न करता लिहिणं मला जमेल असं वाटत नाही.

२६ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी टेबल पुसलं, कागद घेतला, रेघ मारली. डावीकडे 'मी', उजवीकडे 'चिंगी'. पाच तारखेला सगळं नीट लिहून ठेवलंय, त्यातूनच उतरवावं म्हणून ही वही उघडली. जुनी सवय, पुढचं-मागचं सगळं वाचून काढतो.

पाच सप्टेंबर : मी खोलीतच होतो, खिडकीजवळच्या खुर्चीत.

चोवीस सप्टेंबर : नर्स जिन्यात हाका मारत खाली आली. तळमजल्यापासून चार मजले चढलो.

दोन्ही अक्षरं माझीच.

पेन्सिल न घेताच दोन्हींखाली रेघ दिसायला लागली. साक्षीदार एक, जबाब दोन.

जेवलो नाही. खुर्चीचं फाटलेलं रेक्झिन आठवतं ते खरं आहे. अकरा दिवस त्याच खुर्चीत बसत होतो मी. बाराव्या दिवशी नाही. मास्क लावला, आणि तिच्या छातीतून तो आवाज यायला लागला, आणि मला तिथे उभं राहवेना. चिंगीला काही न सांगता मी दार ओढून घेतलं आणि जिना उतरलो. तळमजल्यावर जिन्याखाली चाकं मोडलेलं स्ट्रेचर ठेवलं होतं, त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. कुणाला दिसणार नाही असा. पाऊण तास. पळपुटा!

चौदा महिने हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायचं का? ठाऊक होतं. पण रोज थोडं थोडं त्या खुर्चीत बसत गेलो आणि शेवटी बसलोच.

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून. एकतीस वर्षं ह्याचाच तर पगार घेतला.

१ ऑक्टोबर, मंगळवार

मध्ये काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखा माणूस नव्हतो.

आज सगळ्यांनी आपापले कागद वाचले. बेकरीवाल्याची लग्नाची गोष्ट ऐकून पंखासुद्धा हसला असेल. माझी पाळी आली तेव्हा मी कागद पुढे केला. डावीकडे चार ओळी, खऱ्या. उजवीकडे काही नाही.

सिस्टरांनी वाचलं. मोठ्याने नाही. मग इतकंच म्हणाल्या, "उजवा रकाना का रिकामा?"

"तिने सांगितलं ते खोटं होतं. हे आताही खरं आहे. बायकोने मला पाठवलंच नव्हतं. मग तिने असं का सांगितलं, ते कळत नाही. तिला त्यातून काय मिळणार होतं?"

"काका," त्या म्हणाल्या, "तो रकाना तुम्ही भरायचा नाहीच मुळी. ज्याचा आहे त्याच्याकडे जा."

जाताना शिंपीणबाई जिन्यात थांबल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊ, सहा तारीख म्हणजे रविवार ना?" म्हणजे मी बेकरीवाल्याजवळ बोललो होतो ते त्याने सगळ्यांना सांगितलंय. त्याच्या पोटात पाव टिकतो, गोष्ट टिकत नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार

न कळवता गेलो. कळवलं असतं तर ती घराबाहेर गेली असती, आणि तिला बाहेर जायला लागू नये असं वाटलं.

दार जावयाने उघडलं आणि मला बघून एकदम आठवल्यासारखं म्हणाला, "मी चिकटपट्टी घेऊन येतो." चार रीळं टेबलावर पडली होती. गुणी पोरगा.

घरभर खोकी. चिंगी जमिनीवर बसून ताटं-वाट्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती. वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. बस म्हणाली नाही. तरी मी एका खोक्यावर बसलो. त्यात काचेचं सामान होतं, ते कुरकुरलं. "बाबा! उठा!" चौदा महिन्यांत हे पहिलं वाक्य. उठलो. उभ्यानेच सांगितलं.

"मी खोलीत नव्हतो, चिंगे. जिन्याखाली होतो. घाबरून पळालो होतो."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तुम्ही गेलात तेव्हा मी तिथेच नव्हते का?" ती वाटी गुंडाळत राहिली. "आणि आईने पण पाहिलं."

खाली बसलो, तिच्या समोर, फरशीवर. म्हटलं, "मला सगळं सांग. मी मध्ये बोलणार नाही." तिला खरं वाटलं नसावं, पण सांगितलं. तिच्या शब्दांत लिहितो. काही दुरुस्त केलेलं नाही.

"तुम्ही दार ओढलंत. आई दाराकडे बघत होती. मग तिने हाताने मास्क बाजूला केला. मी म्हटलं, आई, नको. तर म्हणाली, 'घाबरलेत ते. मी असते तर मीही पळाले असते.' हसली पण. मग म्हणाली, 'उद्या कुणी विचारलं तर सांग, मीच त्यांना चहाला पाठवलं. आणि मी बघितलं, हे त्यांना कळू देऊ नको. ते स्वतःला फाडून खातील.' मी मास्क परत लावला. नंतर ती काही बोलली नाही. माझा हात धरला होता. सोडला तेव्हा मी नर्सला हाक मारली."

एवढंच. मास्क किती वाजता काढला, किती वाजता लावला, मी विचारलं नाही.

"त्या दिवशी सगळ्यांसमोर मला खोटी पाडलंत," चिंगी म्हणाली, "तेव्हा मी काय म्हणायचं होतं? की बाबा पळाले होते? आईने एकच काम सांगितलं होतं मला."

ह्या खोट्यातून तिला काय हवं होतं, चौदा महिने शोधत होतो. तिला काहीच नको होतं. सगळं मलाच दिलं होतं, दोघींनी मिळून. आणि मी शपथेवर सांगशील का म्हणून विचारलं.

रडलो. चांगला हंबरडा फोडून रडलो, लाज नाही वाटली. चिंगीही रडली. मग तिने हातातल्या वर्तमानपत्राला नाक पुसलं आणि शाई नाकाला लागली. सांगितलं तर म्हणाली, "राहू दे."

मी म्हटलं, "तुझा फोन दे. माझ्या फोनमधलं चार्जिंग संपलंय." अकरा जणांसमोर बोललो होतो, अकरा जणांना सांगणं भाग होतं. पहिला फोन अक्काला. तिला पंच्याऐंशी वर्षं पुरी झालीत, कानाने कमी ऐकते, दोनदा मोठ्याने सांगावं लागलं.

"अक्का, ती गेली तेव्हा मी खोलीत नव्हतो. भिऊन पळालो होतो. आणि चिंगी म्हणाली तेही खरं आहे. तिच्या आईनेच मला पाठवलं होतं."

"अरे, हे काय?" अक्का ओरडली. "तू पळालास की तिने पाठवलं? दोन्ही कसं खरं असेल? एक काहीतरी सांग!"

"नाही अक्का. दोन्ही."

फोन ठेवला. चिंगीने हातातली वाटी खाली ठेवली. तिने माझ्या हातातून फोन घेतला, पुढचा नंबर लावला आणि परत माझ्या कानाला धरला.